मेला म्हणून सांगितलेला लॅपटॉप

शिवणकामाच्या धंद्यात कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात. बाई बेतायला लागली तर तिला काय म्हणायचं, याचा विचार कुणी करून ठेवला नव्हता. म्हणून वर्कशॉपमधले कारागीर तिला मास्तरीण म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं. नवीन माणूस दारात आला की हमखास विचारायचा, "कोणत्या शाळेत शिकवता?" ती म्हणायची, "मी पोरांना नाही, कापडाला वळण लावते."

वय अठ्ठावन्न. पूर्वी ती तीन वर्कशॉपांसाठी सरसकट कपडे बेतायची. मग हळूहळू तिच्याकडे अशी माणसं यायला लागली, ज्यांना दुकानातलं तयार काहीच बसत नाही. एक खांदा चार बोटं खाली असलेला टपालवाला. अपघातात कोपरापासून हात गेलेली ग्रंथपालबाई. चाकांच्या खुर्चीत बसून कोर्टात उभा राहणारा वकील. हे 'उभा राहणारा' त्याचंच, तो स्वतःच असं म्हणून हसायचा. उभ्या माणसाची पँट बसलेल्या माणसाला मागून उघडी पाडते आणि पोटात रुतते, हे त्याच्या आधी तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं त्याच्यासाठी मागून उंच, पुढून खोल असा पॅटर्न काढला. ती पँट पहिल्यांदा घालून वकिलानं लगेच आणखी दोन शिवायला टाकल्या.

असे दोनशे चौदा लोकांचे पॅटर्न तिच्या लॅपटॉपमध्ये होते. अकरा वर्षांचं काम.

लॅपटॉपही अकरा वर्षांचाच. झाकणाची बिजागरी तुटलेली, तिथं तिनं रुंद इलॅस्टिक शिवून लावलं होतं. पंखा सुरू झाला की शेजारच्या खोलीतून नवरा विचारायचा, "गिरणी लावलीस का?" पुढच्या कडेवर तिनं दाभणानं सेंटिमीटरच्या खुणा कोरल्या होत्या, बटणं आणि पट्ट्या पटकन मोजता याव्यात म्हणून. गेले काही महिने बोट फिरवायची जागा खालून फुगून वर आली होती, गळू यावं तशी. त्यावर ती रात्रभर थंड इस्त्री दाबून ठेवायची. सकाळी ती जागा जराशी बसलेली असायची.

घरात यावरून खटके उडायचे. तिची एकुलती एक लेक इस्पितळात नर्स होती. ती म्हणायची, "आई, नवा घे." जावई एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करायचा. तो मधला मार्ग काढायचा, "रॅम वाढवू, डिस्क बदलू, निदान चार वर्षं काढेल." मास्तरीण दोघांना एकच उत्तर द्यायची, "चालतोय ना? चालत्या गाड्याला कशाला खीळ घालता?" कारण तिला माहीत होतं की खरी मेख वेगळीच आहे. तिचा पॅटर्नचा प्रोग्रॅम जुना होता. कंपनीनं तो कधीच बंद केला होता आणि तो त्या एका मशीनला बांधलेला होता. फायली तिनं पेनड्राइव्हवर घेऊन ठेवल्या होत्या, पण दुसऱ्या कुठल्याही मशीनवर त्या उघडत नव्हत्या. हे तिनं घरात सांगितलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

एका दुपारी जळका वास आला आणि लॅपटॉप बंद पडला. जावई त्याच संध्याकाळी येऊन तो घेऊन गेला, बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे. त्या दुरुस्तीवाल्याला सगळी गल्ली 'डॉक्टर' म्हणायची, कारण मशीन हातात घेतलं की आधी तो त्याला कान लावायचा.

चौथ्या दिवशी डॉक्टरचा फोन आला.

"बाई, मदरबोर्ड गेला. आता यात काही राम नाही."

"डिस्क तरी?"

"सगळंच जळलंय. आणि बॅटरी फुगलेली होती, घरी ठेवणं धोक्याचं. आम्ही विल्हेवाट लावून टाकली."

त्याच संध्याकाळी लेक आणि जावई नवा लॅपटॉप घेऊन आले. पातळ, चकचकीत, पाटीसारखा. लेकीनं तो आईच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "झालं गेलं विसर. हा घे, माझ्याकडून." मास्तरणीच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीनं मान फिरवली. आईला वाटलं, पोर हळवी झाली असेल.

नवऱ्यानं त्या दिवशी वर्तमानपत्र दोनदा वाचलं. बस चालवून निवृत्त झालेला माणूस, एरवी घरात आवाज याचाच. त्या आठवड्यात मात्र त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

नव्या मशीनवर नवा प्रोग्रॅम आला. तो दर महिन्याला भाडं मागत होता. त्याचंही तिला एवढं वाटलं नाही. पण पेनड्राइव्ह लावून तिनं पहिली फाईल उघडली, तर पडद्यावर आलं: ही फाईल ओळखता येत नाही. दुसरी उघडली. ओळखता येत नाही. टपालवाल्याचा खांदा ओळखता येत नाही, वकिलाची बैठक ओळखता येत नाही. दोनशे चौदा वेळा तिनं तेच वाचलं. एकही सोडली नाही, न जाणो एखादी उघडेल म्हणून.

मग एकेकाला फोन करून माफी मागायची वेळ आली. बहुतेकांनी समजून घेतलं. कठीण होती ती एक पोर.

ती मुलगी नववीत होती. तिच्या पाठीचा कणा एस अक्षरासारखा वळलेला. चार वर्षांपूर्वी तिची पहिल्यांदा मापं घेतली तेव्हा तेवीस मापं लागली होती, दोन बैठका झाल्या होत्या, आणि दुसऱ्या बैठकीत ती भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होती. तिची पाठ कुणी बघितलेली तिला खपत नसे. तेव्हा मास्तरणीनं टेप गुंडाळून तिला शब्द दिला होता, "बास. आता परत तुला असं उभं करायची नाही. तुझं सगळं माझ्याकडे आहे." त्यानंतर दरवर्षी ती फक्त उंची आणि छाती कपड्यावरून मोजायची, बाकी पॅटर्न मशीनवर त्या हिशेबानं वाढवायची. शाळेचा गणवेश असा बसायचा की नवीन बाईंना वर्षभर कळायचं नाही.

आता शाळा सुरू व्हायला तीन आठवडे होते. मुलगी पातळ बनियनवर उभी राहिली, तीच भिंत, तीच खोली. तिची आई बाहेरच्या खोलीत बसली होती. मास्तरणीनं मानेच्या हाडावर टेप टेकवला आणि मुलीचं अंग शहारलं.

"तुम्ही म्हणाला होतात, परत नाही म्हणून."

"हो गं. मशीन गेलं माझं. जळलं."

"मग कागदावर लिहून ठेवायचं ना," मुलगी म्हणाली.

तेवीस मापं झाली. पाऊण तास लागला. मुलगी रडली नाही, पण जाताना तिनं नेहमीसारखं "येते हं" म्हटलं नाही. शर्टाची बटणं लावत सरळ जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये भरतकामाच्या मशीनवरचा कारागीर मास्तरणीला सहज म्हणाला, "मदरबोर्ड गेला तरी डिस्क जगते की. माझ्या मशीनची दोनदा जगली. आणि विल्हेवाट म्हणजे काय, त्यांच्याकडे महिनोन् महिने पोत्यात पडलेलं असतं."

मास्तरणीनं हातातली कात्री खाली ठेवली आणि पर्स उचलून थेट बाजार गाठला.

डॉक्टरच्या दुकानात गल्ल्यावर कुणी नव्हतं. आतून कपबशीचा आवाज येत होता. गल्ल्यावर एक लॅपटॉप उघडा होता, पडदा गिऱ्हाइकाच्या बाजूला वळलेला. त्यावर कुणाच्या तरी दुरुस्तीची पावती अर्धवट टाईप केलेली. ती वाट बघत उभी राहिली आणि सवयीनं तिचं बोट लॅपटॉपच्या कडेवर गेलं.

खुणा लागल्या. एक, दोन, तीन. पाचावर जरा खोल, दहावर आणखी खोल.

तिनं हात काढला नाही. झाकणाजवळ इलॅस्टिक नव्हतं, नवी बिजागरी होती. बोट फिरवायची जागा सपाट. पंख्याचा आवाज तर नावाला नव्हता. तिच्या कानांत मात्र तो सुरू झाला.

डॉक्टर रुमालानं तोंड पुसत बाहेर आला. तिला बघून क्षणभर थबकला.

"या बाई. नवा कसा चाललाय?"

"हा कुणाचा?"

"दुकानाचा."

"कधीपासून?"

"असेल दोन-तीन वर्षं."

"दोन-तीन वर्षं तुम्ही इथं बटणांची मापं घेता?" तिनं पर्समधून एक कोटाचं बटण काढलं आणि कडेवर ठेवलं. बटण शून्याच्या खुणेपासून दोनच्या खुणेपर्यंत तंतोतंत बसलं. "हे बघा. दोन सेंटिमीटर. दाभणानं कोरलंय. दाभण दाखवू?"

डॉक्टरनं आधी हसून बघितलं, मग खाकरून बघितलं, मग उलटाच चढला.

"माझ्यावर कशाला डाफरता? तुमच्या जावयांनीच सांगितलं. फोन करून मेला म्हणून सांगा, मशीन तुम्हीच ठेवून घ्या, पण परत त्यांच्या हाती लागता कामा नये. मी म्हटलं, चालू होईल हो, एका दुपारचं काम आहे. ते म्हणाले, तेच नकोय."

मास्तरणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज तिनं चढवला नाही. कापड तोडायच्या आधी तिचा हात जसा स्थिर व्हायचा, तसा तिचा आवाज झाला.

"एका दुपारचं काम?"

"बॅटरी बदलली, पंख्यातला धागा-कचरा काढला, बोटभर होता बघा. बिजागरी टाकली. रॅम वाढवली, डिस्क नवी." बोलता बोलता तो खुलला. "मशीन दणकट आहे हो. असली आता बनत नाहीत."

"आणि माझी डिस्क?"

"ती... असेल."

"कुठं?"

त्यानं टेबलाखालचा खण ओढला. बुटांच्या खोक्यात तीस-पस्तीस डिस्का पडल्या होत्या. एकीवरही काही लिहिलेलं नाही. लोकांचे फोटो, पत्रं, कामं, सगळं एकावर एक.

"या फोडायच्या असतात," तो म्हणाला. "वेळ झाला नाही."

"देवाची कृपा तुमच्या आळसावर. शोधा."

"बाई, आत्ता गिऱ्हाईक—"

"शोधा. मी बसले आहे इथं."

तिनं स्टूल ओढलं आणि दारात, अगदी उंबऱ्याला लागून बसली. पहिलं गिऱ्हाईक आलं, कॉलेजात शिकवणारा माणूस, काखेत मशीन. तिनं त्याला विचारलं, "काय झालंय तुमच्या मशीनला? नाही, इथं जिवंत मशीन मेलं म्हणून सांगतात. माझ्याच मशीनवर पावत्या चाललेल्या आहेत, ते बघा." माणूस पुढच्या दुकानात गेला. दुसरी एक बाई आली, तिलाही तिनं हेच ऐकवलं, एक शब्द न बदलता. तिसरं गिऱ्हाईक वळणावर दिसताच डॉक्टरनं खोकं गल्ल्यावर उपडं केलं आणि एकेक डिस्क लावून बघायला सुरुवात केली.

सातव्या डिस्कवर टपालवाल्याचं नाव आलं. खाली वकील. खाली ग्रंथपालबाई. मास्तरणीनं यादी शेवटपर्यंत सरकवायला लावली.

"ही आत बसवा. होती तशी."

त्यानं बसवली. पडद्यावर तिचा जुना प्रोग्रॅम उघडला तेव्हा तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग, नवा, पहिल्यापेक्षा मोठा. तिनं मशीन बंद करून काखेत मारलं.

"अहो, पण नवी बॅटरी, रॅम, माझी मेहनत—"

"मदरबोर्ड गेल्याचं मला कळवलंत ना? तसं बॅटरीचं जावयांना कळवा."

घरी येऊन तिनं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि लेकीला फोन लावला. "या. दोघंही. आत्ताच्या आत्ता." नवऱ्यानं टेबलाकडे बघितलं आणि तो चष्मा शोधायला लागला. चष्मा त्याच्या कपाळावरच होता.

"तुम्हालाही माहीत होतं," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"अगं, पोरांचा हेतू—"

"पंधरा दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून जेवलात. मी 'जळलं हो माझं सगळं' म्हणत होते, आणि तुम्ही डाळीत मीठ कमी आहे म्हणत होतात. हेतूबद्दल तुम्ही तर बोलूच नका."

लेक इस्पितळातून थेट आली, गणवेशावरच. जावई मागोमाग. त्यानं टेबलावरचा लॅपटॉप बघितला आणि तिथंच उभा राहिला.

"आई, चूक माझी आहे," तो म्हणाला. "मला वाटलं फायली पेनड्राइव्हवर आहेत, नव्यावर उघडतील."

"विचारलंत?"

"नाही."

"तीनदा सांगितलं होतं मी, उघडत नाहीत म्हणून. याच टेबलावर. तुम्ही 'हो आई, हो आई' करत फोनमध्ये बघत होता, जावईबापू."

"त्याला बोलू नकोस," लेक म्हणाली. "मी सांगितलं त्याला. माझी कल्पना. सांगू का? मी भाजलेल्यांच्या वॉर्डात काम करते, आई. गेल्या महिन्यात एक माणूस आला, फुगलेली बॅटरी फुटलेली. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत. मी रोज त्याच्या पट्ट्या बदलते. आणि घरी येऊन बघते तर तू फुगलेल्या बॅटरीवर इस्त्री ठेवतेस! दाबून! त्या खोलीत सगळीकडे चिंध्या, कागद, सूत!"

इस्त्रीचं खरं होतं. ते नाकारता येण्यासारखं नव्हतं. पण मान्य केलं म्हणून राग कमी होतो असं थोडंच आहे.

"मग ओरडायचं होतंस," ती म्हणाली. "ती बॅटरी माझ्यासमोर उपसून बाहेर फेकायची होतीस. तो वॉर्डातला माणूस मला सांगायचा होतास, जसा आत्ता सांगितलास."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं! भांडले असते. चार दिवस बोलले नसते. मग झक मारत ऐकलं असतं, किंवा नसतंही. पण नाही म्हणायचं ते मी म्हणायचं. तुमच्या वॉर्डात पेशंटला गुंगीत घालून, न विचारता त्याचा हात कापता का गं? आणि शुद्धीवर आल्यावर सांगता का, की हात आपोआप गळून पडला, हा घे नवा, माझ्याकडून?"

लेकीचा चेहरा उतरला. पण ती मास्तरणीचीच लेक होती.

"तू धडधाकट आहेस म्हणून माझ्याशी भांडू शकतेयस. हे विसरू नकोस," ती म्हणाली आणि पायात चप्पल सरकवून निघून गेली. जावई काही तरी बोलायला उभा होता, मग तोही गेला. नवऱ्यानं त्या दिवशी स्वतःचं ताट स्वतः घासलं.

सकाळी उठून तिनं कामाला हात घातला. रागात तिचं काम नेहमी नीट व्हायचं. आधी त्या मुलीची फाईल उघडली. नवी तेवीस मापं कागदावर होती. ती जुन्या आकड्यांच्या शेजारी भरली, म्हणजे गणवेश आजच बेतता येईल.

सहाव्या मापावर ती थांबली. डाव्या खांद्यापासून कंबरेपर्यंतचं आणि उजव्या खांद्यापासून कंबरेपर्यंतचं, या दोन मापांत चार वर्षांपूर्वी सव्वा सेंटिमीटरचा फरक होता. आता साडेतीन. तिला वाटलं, लिहिताना चूक झाली. पण पुढचं मापही तेच सांगत होतं, आणि त्याच्या पुढचंही. पोर नुसती वाढली नव्हती. पाठ आणखी वळली होती. आणि मास्तरीण मात्र वर्षामागून वर्षं तीच जुनी पाठ मोठी करून तिला घालत होती.

मग तिला मागच्या वर्षीची गोष्ट आठवली. गणवेश घालून बघताना मुलगी म्हणाली होती, "हा डावीकडे ओढतोय." आणि पडद्यावरचा पॅटर्न बघत, मान वर न करता, मास्तरीण म्हणाली होती, "सरळ उभी राहा, म्हणजे बसेल."

सरळ उभी राहा. त्या पोरीला!

रागाला कालपर्यंत तोंडं होती, डॉक्टरचं, लेकीचं, जावयाचं, नवऱ्याचं. आता तो घरभर फिरून तिच्याच दाराशी आला होता. जावयाला काल काय बोलली ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं.

दोन्ही पॅटर्न छापून तिनं मुलीचं घर गाठलं. मुलीच्या आईसमोर कागद एकावर एक ठेवून खिडकीला धरले. उजेडात दोन पाठी दिसल्या.

"मी डॉक्टर नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही हाडांच्या डॉक्टरकडे जा. याच आठवड्यात. हे कागद घेऊन जा. मला हे आधी कळायला हवं होतं."

मुलीची आई कागदांकडे बघत राहिली. "गेल्या वर्षी त्यांनी म्हटलं होतं, वर्षानं या. मग माझी बदली झाली, आणि... गणवेश तर छान बसत होता."

"तेच. छान दिसत होता. माझं काम लपवायचंच आहे, ते मी फार चांगलं केलं."

मुलगी दारात उभी होती. "मी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो. सांगितलं होतंस. आणि मी तुझ्याकडे न बघता मशीनकडे बघत बसले. माझं चुकलं."

मुलीला याची सवय नसावी. मोठी माणसं चुकलं म्हणत नाहीत, म्हटलं तरी लगेच पुढे 'पण' लावतात. तिनं 'पण'ची वाट बघितली. तो आला नाही.

"मग मी रागावू का?" तिनं विचारलं.

"रागाव."

आणि पोर रागावली. आधी हळू, मग तिच्या आईनं "अगं" म्हटल्यावर मोठ्यानं. वर्षभर वर्गात डावा हात सारखा खाली ओढत बसावं लागलं ते सांगितलं. सरळ उभी राहा हे तिला दिवसातून किती जण म्हणतात ते मोजून सांगितलं. तुम्ही एकट्या म्हणत नव्हतात, मग तुम्हीही म्हणालात, असं म्हणताना तिचा आवाज फुटला. मास्तरीण खुर्चीत ताठ बसून सगळं ऐकत होती. एकदाही तिनं "बाळ" म्हटलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. त्या पोरीच्या पाठीवर विनाकारण हात ठेवणाऱ्यांची कमी नव्हती.

हाडांच्या डॉक्टरनं पट्टा दिला, दिवसरात्र लावायचा, निदान दोन वर्षं. पुढचं पुढे बघू म्हणाला. गणवेश आता पट्ट्यावरून बेतायचा होता. त्यासाठी मुलगी पुन्हा आली, या वेळी टेपचं एक टोक तिनंच धरलं. प्रत्येक माप ती स्वतः वाचून वहीत लिहीत होती. शर्ट तयार झाल्यावर तिनं हात वर केले, वाकली, खुर्चीत बसली, उठली. "काखेत काचतोय," म्हणाली. मास्तरणीनं बाहीचा मुंढा अर्धा सेंटिमीटर खाली घेतला. "आता?" "आता नाही." तेव्हाच तिनं दोरा तोडला.

या सगळ्याची बातमी नवऱ्याकडून लेकीच्या घरी पोचली असणार. जावयाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "म्हणजे आई, एका अर्थी जुना बंद झाला म्हणूनच कळलं ना, पोरीचं?"

"जावईबापू," ती म्हणाली, "खोट्याला एखादं गोड फळ लागलं, म्हणून कुणी खोट्याचं झाड अंगणात लावत नाही. फोन ठेवते, काम आहे."

नवा लॅपटॉप तिनं डब्यात घालून, वायर गुंडाळून नवऱ्याच्या हाती लेकीकडे परत पाठवला. पुन्हा फुगायची भानगडच नको म्हणून जुन्यातली ती नवी बॅटरीही तिनं काढून ठेवली आणि मशीन थेट विजेवर चालवायला लागली. वीज गेली की काम थांबायचं, तेव्हा ती चिंध्या निवडायची. मग तिनं यादी घेतली आणि पहिल्यापासून एकेकाला फोन लावला. "तुमचं माप घेऊन बरीच वर्षं झाली. अंग बदलतं. यायची इच्छा असेल तर या, नसेल तर जुन्यावर चालवू. तुम्ही ठरवा." वकील म्हणाला, पोट सुटलंय, कुणाला सांगू नका. टपालवाला म्हणाला, दुसरा खांदाही आता उतरायला लागलाय, लवकरच बरोबरीत येतील. येणाऱ्या प्रत्येकाचा पॅटर्न ती पूर्ण मापात कागदावर छापायची, हातानं तारीख घालायची आणि गुंडाळी करून कपाटात ठेवायची. सगळे झाले की नवं मशीन घ्यायचं तिनं ठरवलं होतं. स्वतः, चार दुकानं फिरून, आपला प्रोग्रॅम आपण निवडून. त्याला वर्ष लागलं असतं. लागू दे.

लेक महिनाभर आली नाही. फोन केला तो वडिलांना, बोलली ती वडिलांशी. मास्तरीणही काही कमी नव्हती. पलीकडच्या खोलीत फोनवर लेकीचा आवाज ऐकू आला की ती शिलाई मशीनचं पायडल जोरात दाबायची.

मग एका सुट्टीच्या सकाळी लेक दारात उभी राहिली. हातात लाल रंगाची, हातभर उंचीची टाकी होती, आग विझवायची. दुसऱ्या हातात ड्रिल. ती सरळ आईच्या कामाच्या खोलीत गेली, टेबलामागच्या भिंतीवर जागा हेरली, पेन्सिलनं खूण करायला हात उचलला आणि तसाच थांबवला.

"लावू का?" तिनं विचारलं.

मास्तरणीनं लेकीकडे बघितलं. डोळ्यांखाली रात्रपाळीची काळी वर्तुळं होती, मनगटावर कसल्या तरी औषधाचा पिवळा डाग. राग गेला नव्हता. चांगला घोटभर शिल्लक होता, दोघींच्याही.

"लाव," ती म्हणाली. "पण तिथं नको. आग लागली तर ती टेबलापाशीच लागणार, मग तिथपर्यंत जाणार कोण? दाराजवळ लाव."

लेकीनं दाराजवळ जाऊन भिंतीवर बोट ठेवलं. "इथं?"

"जरा खाली. माझ्या हाताला आली पाहिजे."

मास्तरणीनं गळ्यातला टेप काढला, जमिनीपासून माप घेतलं आणि खडूनं भिंतीवर फुली मारली. लेकीनं ड्रिल सुरू केलं.